जिलबी, बापू आणि डोक्यातली अफू

आई गेली आणि आमच्या घरात मुंग्या झाल्या.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या सरकारी डोक्यात आलं नाही. मी मुंग्या मारायचा खडू आणला आणि घरभर रेघा मारल्या. मुंग्यांनी रेघांना वळसा घातला आणि त्या सरळ बापूंच्या खोलीत गेल्या. तिथून भिंतीवर, भिंतीवरून खुंटीवर, खुंटीवरून बापूंच्या बंडीच्या खिशात. माझी बायको त्रिवेणी हिनं खिसा उलटा केला. आत वर्तमानपत्राचा पाकानं भिजलेला कागद होता आणि जिलबीचा एक तुकडा.

बापू म्हणजे माझे वडील, नामदेवराव. मूळचे आम्ही भालकीकडचे, पण बापू पाटबंधाऱ्याच्या नोकरीत हैदराबादला आले आणि नल्लकुंट्यात घर बांधून इथलेच झाले. गोडाचं त्यांना कधी कौतुक नव्हतं. सणाला आईनं आग्रह केला की एक घास खायचे, तोही उपकार केल्यासारखा. आई, मालनबाई, अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेली. शेवटी शेवटी तिला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि हा माणूस दुपारी जेवण झालं की छत्री घेऊन बाहेर पडू लागला. आम्हाला वाटलं, मन रमवायला जातात. मन बेगम बाजारात रमत होतं, जिलबीच्या कढईसमोर.

रक्त तपासलं. प्रयोगशाळेतल्या माणसानं आकडा पाहिला, बापूंकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा रक्त काढलं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला.

तेव्हा राज्यात दारूबंदी होती आणि मी त्याच खात्यात नोकरीला होतो. अख्ख्या राज्याची दारू बंद करायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याला एका म्हाताऱ्याची जिलबी बंद करता येऊ नये? राज्यातली दारू बंद झाली नव्हती ही गोष्ट वेगळी. ती फाइलवर बंद झाली होती, आणि आमच्या खात्यात तेवढं पुरत असे.

मी घरातली साखर कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की सकाळचा चहा माझ्या अंघोळीवर अवलंबून राहू लागला, कारण किल्ली माझ्या जानव्याला नसली तरी करगोट्याला होती. मलकपेठेहून माझी थोरली बहीण रंजनाअक्का आली. तिचं मत पडलं, की किल्ली बायकोकडे असती तर ही वेळ आली नसती. कसली वेळ, ते तिनं सांगितलं नाही. खालच्या मजल्यावर आमचे भाडेकरू राहत, अविनाश आणि शैलावहिनी. अविनाश पुण्याहून इथल्या एका नव्या कंप्युटर कंपनीत आला होता आणि दोघांचंही बोलणं फार स्वच्छ होतं. शैलावहिनींनी कारल्याचा रस सुचवला. अविनाशनं बिनसाखरेच्या गोळ्यांची परदेशी डबी दिली. "आता सगळं मिळतं हो इथे," तो म्हणाला. बापूंनी रस तुळशीला घातला. तुळस पिवळी पडली आणि अक्कानं त्याचाही दोष मलाच दिला.

शेवटी मी स्वतः बेगम बाजारात गेलो. जिलबीवाला कढईमागे बसला होता. मी माझी ओळख सांगितली. खात्याचं नाव ऐकून तो अर्धा उठला. मग काम कळल्यावर पुन्हा बसला.

"त्यांना देऊ नका," मी म्हणालो. "शुगर है उनको. मना कर देना."

"दादाजी रोज आते साब," तो म्हणाला. "कोने में बैठते, आँखां पोंछते, खाते. खाके चुप हो जाते. मैं ना कैसा बोलूँ? आप बोलो."

मी पाव किलो शेव घेतली आणि परत आलो. सरकारी माणसानं दुकानातून रिकाम्या हातानं परतणं बरं दिसत नाही.

*

शैलावहिनींचा भाचा अभिजीत डॉक्टर होता. परदेशात शिकून नुकताच इथल्या एका दवाखान्यात लागला होता आणि भूक या विषयावर त्याचा अभ्यास चालला होता. वहिनींनी त्याला आमच्याकडे पाठवलं. पोरगेला माणूस, पण बापूंच्या पलंगावर मांडी घालून बसला तेव्हाच मला आवडला.

"आजोबा, गोड खाल्लं की बरं वाटतं ना?"

"बरं असं नाही," बापू म्हणाले. "कमी वाईट वाटतंय."

अभिजीत एकदम खूश झाला. त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. माणसाच्या मेंदूत अफूसारखी द्रव्यं आपोआप तयार होतात. दुखलं खुपलं की ती वेदना कमी करतात. आणि गोड, तुपकट खाल्लं की तेव्हाही ती सुटतात. जेवणातलं जे सुख आहे त्यात त्यांचा मोठा हात असतो. माणूस दुःखात असला की नेमका पालेभाजीकडे न वळता जिलबीकडे का वळतो, त्याचं एक कारण हे.

मी खुर्चीत ताठ झालो. अफू आमच्या खात्याच्या अखत्यारीत येते. वीस वर्षं मी या राज्यात विनापरवाना अफू बाळगणं गुन्हा आहे असं सांगत आलो होतो, आणि आता कळलं की प्रत्येक नागरिकाच्या डोक्यात छोटा कारखाना आहे. आमच्या साहेबांच्याही.

"यावर एक गोळी आहे," अभिजीत म्हणाला. "ती या अफूची वाट अडवते. खरं तर ती ब्राउन शुगरचं व्यसन सोडवायला देतात. खाण्यासाठी अजून नुसते प्रयोग चाललेत. काहींना काहीच फरक पडत नाही. पण लिव्हर तपासून थोडे दिवस बघायला हरकत नाही."

"ब्राउन शुगर म्हणजे आपली खांडसरीच ना?" अक्का म्हणाली. "मग त्याचीच गोळी पाहिजे. यांना साखरेचंच व्यसन आहे."

तिला समजावण्यात अर्धा तास गेला आणि तरी ती खांडसरीवरच राहिली.

बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "हा घेईल तर मी घेतो."

"बापू, मला कुठं शुगर आहे?"

"मला बी नव्हती. तू बी खाय गोळी. मंग मी खातो."

त्रिवेणी म्हणाली, "घ्या की हो. पोटही कमी होईल." घरच्या माणसांचा माझ्या पोटाकडे पाहण्याचा दृष्टिकोन कधीच सहानुभूतीचा नव्हता. अभिजीतलाही अभ्यासाला दोघं सापडले याचा आनंद लपवता आला नाही. माझं लिव्हर तपासलं. ते उत्तम निघालं, म्हणजे नकार द्यायला आता कारणही उरलं नाही.

*

गोळी दुकानात मिळेना. औषधवाला चिठ्ठी वाचून माझ्याकडे असा बघायचा, की मी चिठ्ठी घडी करून खिशात घालायचो. चौथ्या दुकानात कळलं, व्यसनमुक्ती केंद्रातच मिळेल. तिथली रांग मोठी होती. दारूबंदी आल्यापासून ती वाढलीच होती, आणि याला आमच्या खात्याचं यश म्हणायचं की अपयश, याचा विचार करत मी उभा होतो. खिडकीतल्या बाईंनी ओरडून विचारलं, "ब्राउन शुगर कितने साल से?"

"मुझे नहीं है," मी म्हणालो.

"सब यही बोलते."

"मेरे पिताजी को जलेबी का..."

मागची रांग हसली. हसणाऱ्यांत आमच्या कचेरीतला सुधीर होता. तो मेव्हण्याला घेऊन आला होता. त्यानं मला ओळखलं आणि लगेच ओळखलं नाही असं दाखवलं. हे जास्त वाईट. मी गोळ्या घेतल्या आणि मान खाली घालून निघालो. मान खाली घालणाऱ्या माणसाबद्दल लोक काय समजतात हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण खात्यात आम्ही त्याच खुणेवरून माणसं धरत होतो.

गोळी सुरू झाली. पहिले दोनतीन दिवस नुसतं मळमळलं. मग काय झालं ते सांगणं अवघड आहे. चव जात नाही. मीठ खारटच लागतं, मिरची झोंबतेच. फक्त त्या चवीचं आपल्याशी काही नातं उरत नाही. रेडिओवर परक्या गावचे बाजारभाव ऐकावेत तसं मी जेवू लागलो. त्रिवेणीनं बगारे बैंगन केले. तिच्या हातचे बगारे बैंगन खाऊन आमच्या घरी भांडणं मिटलेली आहेत. मी एक वांगं खाल्लं आणि ताट सरकवलं. बापूंनी अर्धंच खाल्लं.

"बिघडलंय का?" तिनं विचारलं.

"नाही. चांगलं आहे."

"मग?"

"पोट भरलं."

तिनं स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात ठेवली. पुढच्याच आठवड्यात शैलावहिनींनी जेवायला बोलावलं आणि हौसेनं श्रीखंड केलं. "कसं झालंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ठीक आहे." पुण्याच्या बाईच्या श्रीखंडाला ठीक म्हणणारा घरमालक हैदराबादेत मी पहिलाच असेन. अविनाशनं त्या महिन्यापासून नळाच्या गळतीची तक्रार लेखी द्यायला सुरुवात केली.

पण बापूंची जिलबी सुटली. छत्री खुंटीवर राहिली, मुंग्या गेल्या. साखरेचा आकडा खाली आला. अभिजीत प्रत्येक भेटीत उत्साहानं वही भरून न्यायचा. अक्का सगळीकडे सांगत होती, की खांडसरीच्या गोळीनं गुण आला. मी स्वतःवर खूश होतो, म्हणजे व्हायला हवं होतं. खूश व्हायला लागणारा डोक्यातला तो भाग तेव्हा बंद होता की काय, देव जाणे.

बापू मात्र दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसू लागले. झोपत नव्हते, नुसते बसत. मी संध्याकाळी घरी आलो की आम्ही दोघं चहा घ्यायचो. पूर्वी पहिल्या घोटाला छातीत जे जरा सैल व्हायचं, ते होत नव्हतं. आम्ही रिकामे कप घेऊन समोरासमोर बसून राहायचो, स्टेशनवर गाडी चुकलेल्या माणसांसारखे.

*

मग खात्याचा रोलरचा कार्यक्रम आला. जप्त केलेल्या दारूच्या बाटल्या मैदानात मांडून त्यांवर रोलर फिरवायचा, पाहुणे बोलवायचे, फोटोवाले बोलवायचे. माझ्याकडे काम एकच होतं. साहेबांच्या डोक्यावर छत्री धरायची. उन्हाळा होता आणि साहेबांना टक्कल होतं.

रोलर निघाला. बाटल्या फुटू लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी मोठा सुस्कारा सोडला. एक बाटली रांगेतून सुटून माझ्या बुटांपाशी आली आणि फुटली. दारू मातीवर सांडली आणि तिथल्या तिथे जिरून गेली. एवढंच. आणि मला आई दिसली. मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायचो आणि ते तसंच ओठाच्या कोपऱ्यातून परत उशीवर यायचं. मी पुसायचो. ती डोळ्यांनी सांगायची, आणखी घाल. मी घालायचो. ते परत यायचं.

आई गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. पाहुणे, भटजी, मंडपवाला, रजेचा अर्ज, यांत राहून गेलं होतं. नंतर वेळ होता, पण नंतर संध्याकाळचा चहा होता, त्रिवेणीचं जेवण होतं, रविवारची बिर्याणी होती. दुःख दारात आलं की मी काहीतरी खात असे आणि ते परत जात असे. आता परत पाठवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी त्या मैदानात, साहेबांची छत्री हातात धरून, मोठ्यानं रडू लागलो. छत्री कलंडली. साहेबांच्या टकलावर ऊन आलं. फोटोवाल्यांनी रोलर सोडला आणि माझ्याकडे धाव घेतली.

दुसऱ्या दिवशी एका तेलुगू वर्तमानपत्रात फोटो होता. पुढे फुटलेल्या बाटल्या, मागे गालावर आसवं ओघळणारा मी. खाली लिहिलं होतं, दारूबंदी खात्याच्या कर्मचाऱ्याला अश्रू अनावर.

साहेबांनी बोलावलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "उदयजी, इतना प्यार था तो पहले बोलना था ना. कुछ इंतजाम करते."

"सर, मैं पीता नहीं."

"मालूम है. सुधीर बोला. पाउडर लेते."

मी आईचं सांगू लागलो. मेंदूतल्या अफूचं सांगू लागलो. गोळीचं सांगितलं. जिलबीचं सांगितलं. जितकं खरं सांगत गेलो तितका साहेबांचा चेहरा दयाळू होत गेला. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझी बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत केली. तिथे छत्री धरायचं काम नव्हतं आणि रडलं तरी कोणाला दिसत नव्हतं. वीस वर्षांत एक पैसा खाल्ला नाही, एक थेंब प्यायलो नाही, त्या माणसाची ही अखेर. मी कचेरीतून निघालो तेव्हा शिपायानं मला हात धरून जिना उतरवला.

घरी बापूंच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं. शाळेत ते उर्दू शिकले होते, तेलुगू नोकरीत शिकले. दोन्ही वाचायचे.

"मालनसाठी रडलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं झालं बघ. मला वाटू लागलं होतं मी एकटाच हाय."

मी पलंगाच्या कडेला बसलो. ते म्हणाले, "जिलबी तोंडात असती ना, तेवढा वेळ मालन गेलेली नसती. गिळली की परत जाती. म्हणून मी दुसरी घ्यायचो. ह्या गोळीनं ती सारखीच गेलेली हाय. घास घेतला तरी बी."

"मला पण तसंच होतंय, बापू."

"मंग बंद कर की. तू कायकू परेशान होऊ लागलास?"

आम्ही अभिजीतला सांगून गोळी बंद केली. त्याचा अभ्यास अर्धा राहिला. रविवारी मी बापूंना स्कूटरवर बसवून बेगम बाजारात न्यायचो आणि आम्ही एका प्लेटीत दोघं खायचो. एकच प्लेट, असं ठरलं होतं. इतर दिवशी छत्री खुंटीवर नसायची आणि मी ते बघत नसे.

*

याचा शेवट चांगला झाला असं सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. हिवाळ्यात बापूंच्या पायाला चपलेचा पट्टा लागला. त्यांना कळलंच नाही, कारण पायाला कळणंच बंद झालं होतं. आम्ही पाहिलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. मग बोटं काळी पडली. पाऊल अर्धं काढावं लागलं. रंजनाअक्का दवाखान्याच्या जिन्यात मला म्हणाली, "गोळी कशाला बंद केलीस?" आयुष्यात पहिल्यांदा तिचा प्रश्न बरोबर होता. मी जिना उतरून गेलो.

ऑपरेशननंतर बापूंना फार दुखत होतं. अभिजीत ओळखीनं आत आला आणि त्यानं इंजेक्शनची सोय केली. थोड्या वेळात बापूंच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या.

"काय दिलंस रे?"

"मॉर्फिन, आजोबा. अफूच म्हणा. डोक्यातली पुरत नाही तेव्हा बाहेरून देतात."

बापू माझ्याकडे वळले. "मालनला का नाही दिलं?"

"त्या दवाखान्याकडे परवाना नव्हता, बापू. अर्ज केला होता त्यांनी. आला नाही."

"परवाना कोण देतंय?"

आमचंच खातं देत होतं. ते त्यांना ठाऊक होतं. माझं टेबल ते नव्हतं, हेही ठाऊक होतं. ते अभिजीतकडे वळले.

"ते डोक्यातलं, आपोआप होतंय म्हणालास ते. सगळ्यांच्यात होतंय?"

"हो आजोबा."

"तिच्यात बी झालं असंल?"

"झालं असणार."

"मंग तिला दुखलं नसंल."

अभिजीतनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असती तर त्यानं हो म्हटलं असतं, असं मला आजही वाटतं. मी हललो नाही.

"दुखलं असेल, आजोबा," तो म्हणाला. "पण ते नसतं तर याहून जास्त दुखलं असतं."

वॉर्डात कोणीतरी खोकत होतं. "म्हणजे तिचं तिनंच केलं," बापू म्हणाले. "आपुन काही केलं नाही."

"नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात त्रिवेणी डबा घेऊन आली. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी, सगळं पथ्याचं. मी बापूंच्या पाठीला उशी दिली. त्यांनी घास घेतला, चावला आणि थांबले.

"मीठ कुठाय यात?"

"डॉक्टरांनी कमी सांगितलंय," त्रिवेणी म्हणाली.

"मंग डॉक्टरला खाऊ घाल."

वर्षभरात त्यांनी घरच्या जेवणाला नावं ठेवली नव्हती. चांगलंही म्हटलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि तिनं आपल्या डब्यातली आंब्याच्या लोणच्याची फोड बापूंच्या ताटात ठेवली. बापूंनी ती भाकरीला लावली. त्यांच्या नाकातून पाणी आलं. दोडक्याला नावं ठेवत, वरणाला नावं ठेवत, त्यांनी दोन्ही भाकरी संपवल्या आणि डब्यात वाकून बघितलं.

"आणखी हाय का?"

नव्हती. त्रिवेणी उठू लागली. मी तिला बसवलं, तिच्याकडून घरची किल्ली घेतली आणि भर दुपारी भाकरी आणायला निघालो.